अरण्य : वाढत जाणाऱ्या घरांची वसाहत



'माझे घर' हा निबंधाचा विषय आपल्या शाळेत दरवर्षी दिला जातो आणि दरवर्षी जवळपास तोच निबंध परत येतो. घरात चार खोल्या आहेत, अंगणात तुळस आहे, मला माझे घर फार आवडते. तुळस आता बहुतेकांकडे गॅलरीतल्या कुंडीत असते, पण निबंधात ती अजून अंगणातच राहते. यंदा आठवीतल्या एका मुलीने मात्र वेगळे लिहिले. "आजोबांनी आमचे घर घेतले तेव्हा त्यात संडास, मोरी आणि जोते एवढेच होते. खोली नंतर आली," असे तिचे पहिले वाक्य होते. मराठीच्या बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले. खोलीच नाही तर घर कसले? वही आमच्यापर्यंत आली. आम्ही मुलीचा पत्ता पाहिला : स्कीम नंबर ७८, अरण्य. प्रश्नचिन्ह आम्ही खोडले.

त्या दिवशी शिक्षक-कक्षात चौकशी केली, तेव्हा लक्षात आले की इंदूरमध्ये जन्म काढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना अरण्यबद्दल काहीच माहीत नाही. जगभरातल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही वसाहत पुस्तकांतून ठाऊक आहे, आणि आपण मात्र विजय नगरला जाता-येता तिच्या कडेने निघून जातो. आमचेही तसेच होते. म्हणून हा लेख. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा काही शब्द इकडच्या वळणाचे आले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या शहराला वसाहतींच्या नावांपेक्षा आकड्यांची आवड जास्त. चौपन्न नंबर, चौऱ्याहत्तर नंबर, अठ्ठ्याहत्तर नंबर असे म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. हे आकडे म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांचे क्रमांक. १९८० नंतरच्या काळात कापड गिरण्यांचे हे शहर झपाट्याने वाढत होते आणि कामासाठी आलेली माणसे मिळेल त्या जागी, नाल्याच्या काठी, रेल्वेच्या कडेला झोपड्या बांधत होती. तेव्हा प्राधिकरणाने शहरापासून सुमारे सहा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई मार्गालगत, सुमारे ८५ हेक्टर जागा या कामासाठी काढली. तिथे साधारण ६,५०० घरांची वसाहत व्हायची होती. त्यांपैकी ६५ टक्के घरे अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. आराखड्याचे काम अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे, म्हणजे बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांच्याकडे गेले आणि १९८३ मध्ये आराखडा तयार झाला.

दोशी हे गुजराती असले तरी जन्माने पुण्याचे. २६ ऑगस्ट १९२७ रोजी तिथेच त्यांचा जन्म झाला, घरात लाकडी सामानाचा व्यवसाय होता. कुटुंब वाढेल तसे वाढत गेलेले पुण्यातले ते घर पुढे आयुष्यभर त्यांच्या बोलण्यात येत राहिले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, मग पॅरिसला ल कोर्बुझिए यांच्या हाताखाली काही वर्षे, आणि नंतर अहमदाबाद. २०१८ साली त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले, वास्तुकलेतला हा सर्वांत मोठा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. इतक्या मोठ्या माणसाने आपल्या शहरात बांधलेली वस्तू म्हणून कोणी महाल शोधायला जाईल, तर सापडणार नाही.

आराखडा काढण्याआधी एक काम झाले आणि आम्हाला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातील विक्रम भट्ट, विटोल्ड रिब्चिन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी वास्तुशिल्प फाउंडेशनबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्यांची बारकाईने मोजणी केली. १९८४ मध्ये त्याचा अहवाल निघाला. या लोकांनी झोपड्यांत काय नाही याची यादी केली नाही. काय आहे ते पाहिले. दारापुढचा ओटा किती रुंद आहे, झाड कोणत्या जागी ठेवले आहे, खाट दिवसा कुठे असते आणि रात्री कुठे, शेळी कुठे बांधतात, विडी-काडीचे दुकान खिडकीतून कसे चालते, गल्ली कुठे अरुंद होते आणि कुठे उगीच रुंद सोडली आहे. त्यांना दिसले ते असे, की गरीब माणूस घर म्हणून जे बांधतो ते चार भिंतींत मावत नाही. अर्धे घर रस्त्यावर असते. स्वयंपाक, धुणे, शिवणकाम, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची दुपार, सगळे दाराबाहेर. सरकारी आराखड्यांत मात्र घर वेगळे आणि रस्ता वेगळा असतो, मधे एक रेघ असते. त्या रेघेवरच तर माणसे राहतात.

(मराठीत आपण ओटा म्हणतो, माळव्यात ओटला. आपल्या शाळेत दोन्ही चालते, आणि यापुढे या लेखातही चालेल.)

आता घराकडे येऊ. सर्वांत लहान प्लॉट साधारण ३५ चौरस मीटरचा होता, म्हणजे सुमारे ३८० चौरस फूट. आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून आम्ही आठवीच्या मुलांकडून मैदानात चुन्याने पाच मीटर गुणिले सात मीटर अशी चौकट आखून घेतली. ती मुलांना फार मोठी वाटली, कारण वर आभाळ होते. मग त्याच चौकटीत खाट, गॅस, कपाट, न्हाणीघर, जिना असे खडूने काढायला सांगितले. दहा मिनिटांत भांडणे सुरू झाली. एका गटाने संडासच वगळला होता आणि विचारल्यावर "तो बाहेर आहे सर" असे उत्तर मिळाले. बाहेर म्हणजे कुठे, हे त्यांना सांगता येईना. आपला आठवीचा वर्ग या चौकटीपेक्षा मोठा आहे, हे टेप लावून मोजल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता होती.

एवढ्याशा जागेत प्राधिकरणाने कुटुंबाला काय द्यायचे? सगळे घर बांधून दिले तर किंमत आवाक्याबाहेर जाते. नुसता प्लॉट दिला तर पुन्हा झोपडीच उभी राहते. दोशींनी मधली वाट घेतली. एकटे कुटुंब कधीच करू शकणार नाही, तेवढे आधी करून द्यायचे. बाकीचे कुटुंबावर सोडायचे. भिंत एकटा माणूस बांधू शकतो, आज चार फूट, दिवाळीनंतर आणखी चार फूट. छपराला आज पत्रा, पाच वर्षांनी स्लॅब. पण मलवाहिनी एकट्याला टाकता येत नाही, पाण्याची लाइन एकट्याला आणता येत नाही, विजेचे खांब उभे करता येत नाहीत. म्हणून प्रत्येक प्लॉटला नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय मिळाली. वीस-वीस घरांच्या गटाला एक सेप्टिक टँक. प्लॉटवर संडास-न्हाणीची बांधीव जागा. ऐपतीप्रमाणे त्याबरोबर नुसते जोते, किंवा जोते आणि एक खोली, असे वेगवेगळे पर्याय ठेवले होते. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मानाने सुरुवातीची रक्कम भरायची आणि उरलेली मासिक किस्तींत फेडायची. विटा, दगड, काँक्रीट, जे परवडेल ते वापरण्याची मोकळीक होती.

त्या मुलीच्या निबंधातले पहिले वाक्य म्हणजे हेच.

जोत्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मुलांना ते कंटाळवाणे वाटले आणि आम्हाला वाटले नाही. माळव्याची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षातून एकदा वर, एकदा खाली, असे तिच्यावरचे घर हलत राहते. जुन्या मोहल्ल्यांतल्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी भेग असते ना, ती बहुतेक वेळा याच मातीची सही असते. अशा जमिनीत पाया खोल न्यावा लागतो किंवा तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवावे लागतात. हे काम महाग, जमिनीखाली लपणारे आणि चुकले तर दुरुस्त न होणारे. हातात थोडा पैसा असलेला माणूस पहिली काटकसर पायातच करतो, कारण तो कोणाला दिसत नाही. म्हणून जोते आधी बांधून देण्यामागे मोठी समजूत होती. पुढे ज्याला मजला चढवायचा आहे त्याच्या पायाची काळजी आधीच कोणीतरी घेतलेली होती.

घरांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. दहा घरांचा एक गट, तोंड गल्लीकडे, प्रत्येकाच्या मागे छोटे अंगण. घरे एकमेकांना चिकटून, त्यामुळे दोन बाजूंच्या भिंतींना ऊन लागतच नाही. बहुतेक घरांची तोंडे उत्तर-दक्षिण ठेवली, कारण पश्चिमेचे ऊन इकडे मे महिन्यात काय करते ते सांगायला नको. गल्ल्या अरुंद, म्हणून समोरच्या घराची सावली आपल्या दारात पडते. मोटारींचे रस्ते वेगळे आणि चालण्याच्या गल्ल्या वेगळ्या. आणि घर व गल्ली यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची एक पट्टी ठेवली होती. अर्धा मीटर म्हणजे दीड फुटाहून थोडे जास्त. या पट्टीत घरमालकाने पायऱ्या काढाव्यात, ओटा बांधावा, वर गॅलरी काढावी, बाहेरून जिना न्यावा, हवे ते करावे. आधीच्या मोजणीत दिसलेली ती 'मधली रेघ' इथे दीड फूट जाड करून माणसांच्या स्वाधीन केली, असे आम्ही समजतो.

बाहेरच्या जिन्याचे कारण एका विद्यार्थ्याने विचारले. जिना आत घेतला तर ३८० फुटांतले चाळीसएक फूट तोच खातो, हे एक. दुसरे म्हणजे, वरचा मजला उद्या मुलाला वेगळा संसार म्हणून द्यायचा किंवा भाड्याने लावायचा, तर वरच्यांना खालच्यांच्या स्वयंपाकघरातून जावे लागत नाही. सासू-सुनांच्या शांततेचा जिन्याशी किती संबंध आहे, हे पालकवर्गाला आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

वसाहतीच्या मध्यातून बाजारपेठेचा एक कणा जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा विभाग आहेत, आणि प्रत्येक विभागातून तिरपी जाणारी हिरवी पट्टी. सर्वांत कमी उत्पन्नाची घरे विभागांच्या पोटात, जरा बऱ्या स्थितीतल्यांचे मोठे प्लॉट कडेने व मध्यवर्ती कण्यालगत. रस्त्याकडेचे आणि व्यापाराचे प्लॉट चढ्या भावाने विकायचे आणि त्या पैशातून आतल्या घरांचा भार हलका करायचा, असा हिशेब. यात एक गोष्ट आम्हाला सलते. गरीब आत आणि पैसेवाले कडेला, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला गरीब दिसतच नाहीत. पण दुसऱ्या बाजूने विचार केला तर गरिबांसाठी वेगळी बस्ती गावाबाहेर आणि इतरांसाठी वेगळी कॉलनी, या आपल्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा हे बरेच बरे. एकाच बाजारात भाजी, एकाच वाटेने येणे-जाणे. पुढे पारितोषिक देणाऱ्या परीक्षकांनीही याच गोष्टीला मान दिला.

लोकांना एकदम रिकामे जोते दाखवले तर ते घाबरतील, म्हणून दोशींनी नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखवली. एका खोलीपासून चांगल्या ऐसपैस घरापर्यंत, प्रत्येक वेगळे. कुठे ओटला, कुठे कठड्याची गॅलरी, कुठे वळणाचा जिना. पुस्तकांतून जे फोटो छापून येतात ते या ८० घरांचे. १९८९ पर्यंत हे काम झाले आणि १९९५ मध्ये अरण्यला वास्तुकलेचे आगा खान पारितोषिक मिळाले. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, हेच पारितोषिक पुन्हा इंदूरला आले. त्या वेळी अभियंता हिमांशू पारीख यांनी इथल्या झोपडवस्त्यांत नाल्यांच्या काठाने मलवाहिन्या आणि रस्ते यांचे जे जाळे विणले त्यासाठी. एकाच शहराला गरिबांच्या घरांसाठी असा दोनदा मान मिळाला, पण सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाची कीर्ती याहून मोठी आहे. असो.

डिसेंबरात आम्ही आठवीच्या मुलांना घेऊन तिकडे गेलो. फोटोतले अरण्य शोधायला गेलेल्या मुलांची निराशा झाली. नमुन्याची घरे ओळखू येत नाहीत. बऱ्याच घरांवर दोन-दोन, तीन-तीन मजले चढले आहेत, फरशा चकचकीत आहेत, लोखंडी जाळ्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, गल्लीत दुचाकींची गर्दी. एका मुलाने विचारले, "सर, हे तर आपल्यासारखेच आहे. मग यात विशेष काय?" त्याला तिथे उत्तर देता आले नाही. बसमध्ये बसल्यावर सुचले की जी घरे जोत्यापासून सुरू झाली ती आपल्यासारखीच दिसायला लागली, हेच विशेष.

निबंधवालीच्या घरी गेलो. तिचे आजोबा ओटल्यावरच बसले होते. "बसा सर, इथेच बसा, आत मुलांना जागा पुरायची नाही," म्हणाले आणि पस्तीस मुलांपैकी निम्मी खरोखर ओटल्यावर आणि समोरच्यांच्या ओटल्यावर मावली. समोरच्या काकूंनी कोणाला काही न विचारता पाण्याचा घडा आणि पेले आणून ठेवले. आजोबांनी क्रम सांगितला. पहिली दोन वर्षे जोत्यावर पत्र्याची खोली. मग विटांची भिंत, तीही तीन बाजूंनी, चौथी शेजाऱ्याची. मुलाच्या मुंजीच्या वर्षी स्वयंपाकघर. गच्चीचा स्लॅब टाकला तेव्हा गल्लीतली सगळी माणसे पाट्या द्यायला उभी होती. वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या आधी. खाली समोरच्या बाजूला आजींचे शिलाई मशीन, खिडकीतून ब्लाउज घ्यायचे आणि द्यायचे. "बँकेत कधी पैसा टिकला नाही सर, विटेत टिकला," असे ते म्हणाले. आम्ही वाणिज्य शिकवणाऱ्या सरांकडे पाहिले. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले होते.

जाताना एक मुलगी टेपने ओटला मोजत होती. पट्टी अर्ध्या मीटरची, ओटला मात्र त्याहून चांगला रुंद भरला. आजोबा हसले. "सरकारने बोट दिले, आम्ही हात धरला," म्हणाले. गल्लीतून आता मोठी गाडी आत येत नाही, रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबते, हेही त्यांनीच सांगितले. दोन्ही गोष्टी मुलांनी ऐकल्या हे बरे झाले.

अरण्यवर टीकाही झाली आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. मूळ धारकांपैकी बऱ्याच कुटुंबांनी पुढे प्लॉट विकले. विजय नगरकडे बाजार, मोठी दुकाने, मॉल आले, जमिनीचे भाव चढले. मजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या हातात एवढी रक्कम एका रजिस्ट्रीत यायला लागली की मुलीचे लग्न, आजारपण, गावाकडचे कर्ज अशी कारणे तयारच असतात. काही ठिकाणी दोन-तीन लहान प्लॉट घेऊन एकच मोठे घर उभे राहिले. म्हणजे गरिबांसाठी केलेली वसाहत हळूहळू मध्यमवर्गाची झाली, असे म्हणणारे म्हणतात.

यावर आमचे मत थोडे वेगळे आहे. घर विकण्याचा अधिकार फक्त आपल्याला असावा आणि गरिबाने मात्र दिलेल्या जागी नमुना म्हणून बसून राहावे, हे काही बरोबर नाही. आपल्यातल्या किती जणांनी रामबागेतले वाडिलोपार्जित घर विकून फ्लॅट घेतला, ते आपण मोजत नाही. चूक दुसरीकडे झाली असे वाटते. अरण्य एकदा झाले आणि तिथेच थांबले. शहर दरवर्षी वाढत होते, तर पस्तीस मीटरचे प्लॉट दर चार-पाच वर्षांनी नव्या जागी निघायला हवे होते. तसे पुरेसे निघाले असते तर अरण्यातल्या प्लॉटवर एवढी ओढाताण झाली नसती. नंतरच्या योजनांत जमिनीऐवजी बहुमजली इमारतीतला तयार फ्लॅट देण्याकडे कल गेला. फ्लॅट पहिल्या दिवशी पूर्ण असतो आणि शेवटच्या दिवशीही तेवढाच असतो. शिलाई मशीन चौथ्या मजल्यावर नेले तर ब्लाउज शिवायला कोण येणार?

किती माणसे तिथे राहतात याचे आकडेही पुस्तकागणिक बदलतात. कुठे चाळीस हजार, तर २०१८ च्या पारितोषिकाच्या वेळी ऐंशी हजारांवर. जे घर वाढते त्याची मोजदाद अशी निसटते, असे गणिताच्या बाईंचे म्हणणे. आम्हाला ते पटले.

महाराष्ट्राकडे जाणाऱ्यांनी नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी त्याच दशकात केलेली वसाहत जरूर पाहावी. तिथे सात-सात घरे एका लहान चौकाभोवती आहेत, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे आपले घर वाढवताना दुसऱ्याची परवानगी लागू नये. अरण्यात भिंत सामाईक आहे, म्हणून खर्च कमी आणि ऊन कमी, पण छिन्नी लावली की शेजारी जागा होतो. दोन्हींत शहाणपण आहे.

मुळात वाढणारे घर ही आपल्याला नवी गोष्ट नाही. होळकरांच्या काळात इकडे आलेल्या कुटुंबांचे वाडे एका दिवसात झाले नव्हते. आधी ओसरी आणि माजघर, मग पडवी, मग माडी, मग धाकट्या भावाचा वेगळा दरवाजा. वाड्याचा नकाशा काढायला बसलो तर त्यात घराण्याची वंशावळच निघते. आम्ही स्वतः तीसएक वर्षांपूर्वी असा वाडा सोडून एका कॉलनीत फ्लॅट घेतला. नकाशात बगीचा होता, तिथे पुढे आणखी एक इमारत आली. गॅलरीला जाळी लावून खोली केली, ती आमच्या घराची एकुलती एक वाढ. वाड्याचे दुःख आम्हाला फारसे नाही, तिथे संडास एकच होता. ओटल्याचे मात्र आहे.

इंदूरबद्दल बोलताना पॅट्रिक गेडिस यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. होळकर दरबारने बोलावलेल्या या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये शहराचा अहवाल दोन खंडांत दिला. सरळ रुंद रस्त्यासाठी मोहल्ला पाडण्याऐवजी, एखादे पडीक घर काढून तिथे झाड लावून चौक करावा आणि बाकीचे राहू द्यावे, अशी त्यांची रीत. दोशींनी झोपड्या मोजून आराखडा काढला, गेडिस जुन्या गल्ल्या पायी हिंडून काढत. दोघांनाही आधी पाहायची आणि मग पेन्सिल उचलायची सवय होती.

आता शाळेच्या कामाचे. आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीला जो लांब ओटला आहे, तो विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे हे बऱ्याच पालकांच्या कानावर गेले आहे. स्कूल बस आत घेण्यासाठी फाटक रुंद करावे लागेल आणि त्यासाठी ओटला व कडुनिंब दोन्ही जातील, असा प्रस्ताव आहे. प्रस्तावामागचे कारण खरे आहे. मुले रस्त्यावर उतरतात, वाहने वेगात असतात आणि गेल्या पावसाळ्यात दुसरीतला एक मुलगा थोडक्यात वाचला. आम्ही तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून या मागणीला हसण्यावारी नेत नाही. पण दुपारी बारा ते साडेबारा त्या ओटल्यावर कोण कोण बसते तेही आम्ही पाहतो. नातवंडांना घ्यायला आलेल्या आज्या, डबा घेऊन आलेले वडील, फी भरायला येऊन आत यायला संकोचणारी आई. कार्यालयात न बोललेल्या किती गोष्टी आम्हाला त्या ओटल्यावर कळल्या आहेत.

आठवीच्या मुलांनी अरण्यहून आल्यावर आपणहून फाटकाची मापे घेतली. त्यांच्या नकाशाप्रमाणे बस पूर्वेच्या छोट्या फाटकाने आत येऊ शकते, मात्र त्यासाठी सायकल स्टँड हलवावा लागेल आणि ओटल्याचे शेवटचे दोन मीटर कापावे लागतील. कडुनिंब वाचतो. नकाशात एक चूक आहे, बसचे वळण त्यांनी थोडे लहान धरले आहे, ते शारीरिक शिक्षणाच्या सरांनी खडूने मैदानात आखून दाखवले. सुधारलेला नकाशा कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. विश्वस्त मंडळाची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. पालकांनी आपले म्हणणे, दोन्ही बाजूंचे, लेखी स्वरूपात त्याआधीच्या बुधवारपर्यंत कार्यालयात द्यावे. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा असेल त्यांनी दुपारी बारा वाजता ओटल्यावर यावे, आम्ही तिथे असू.